१२३४५६५४३२१ : कागद-पेन्सिलीने एक मोठी संख्या कशी उलगडायची

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागातली मुलं मराठी माध्यमातून एसएसएलसी (दहावी) होतात आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) इंग्रजीत गणित शिकायला बसतात. त्यांची अडचण भाषेची असते असं घरोघरी म्हटलं जातं. मला ते पूर्ण पटत नाही. 'अवयव'चा 'फॅक्टर' झाला आणि 'बाकी'ची 'रिमेंडर' झाली, तरी मुलं ते थोड्या दिवसांत पचवतात. खरी भीती असते मोठ्या आकड्याची. शिकवणीत फळ्यावर अकरा अंकी संख्या लिहिली की एखादा लगेच म्हणतो, "सर, मोबाईल हाय की." मोबाईलवर उत्तर मिळतं, यात वाद नाही. पण ती संख्या आतून कशी आहे, ती कशाने बनली आहे आणि तिच्यातून आणखी काय काय निघतं, हे हाताने केल्याशिवाय कळत नाही.

म्हणून हा लेख. मोठ्या संख्येसोबत कधीच न बसलेल्यांसाठी आहे: विद्यार्थी, त्यांना घरी शिकवणारे आई-वडील, किंवा शाळा सुटून वर्षं झालेला कुणीही. तेरापर्यंतचे पाढे आणि सरळ भागाकार येत असला की पुरे. दहा संख्या वरवर बघण्यापेक्षा एकच संख्या शेवटपर्यंत बघा, असं मी आग्रहाने सांगेन. एकीची पूर्ण ओळख झाली की पुढच्या सगळ्यांना कोणते प्रश्न विचारायचे ते समजतं.

संख्या कोणती घ्यायची

१२३४५६५४३२१. ही घ्यायचं कारण ती सुंदर आहे, आणि दुसरं कारण ती आपल्या मुलखातली आहे. इसवी सन ८५० च्या सुमारास महावीराचार्य या जैन गणितज्ञाने 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात ही संख्या एकापासून सहापर्यंत चढणारी आणि मग क्रमाने उतरणारी, अशा शब्दांत आली आहे. ग्रंथाच्या सुरुवातीला त्याने राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याचा गौरव केला आहे. त्या राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) १२०४ साली ज्या सौंदत्तीच्या रट्टांच्या काळात उभी राहिली, ते रट्ट सुरुवातीला याच राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. गणित कुठून तरी लांबून, इंग्रजी पुस्तकातून आलं असं वाटणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो.

पुढे विसाव्या शतकात देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा चढत्या-उतरत्या संख्यांचा एक मोठा वर्ग अभ्यासला आणि मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनवरून त्यांना 'डेमलो संख्या' असं नाव दिलं. ६१७४ हा कापरेकर स्थिरांक ज्यांचा, तेच हे कापरेकर.

जवळ काय ठेवायचं

चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. चौकटीची वही हवीच. मोठ्या भागाकारात निम्म्या चुका अंक सरळ उभे न लिहिल्याने होतात. पडताळ्यासाठी कॅल्क्युलेटर ठेवायचा असेल तर दुकानात गल्ल्यावर असतो तसा बारा अंकी ठेवा, आपली संख्या त्यात पूर्ण मावते. दहा अंक दाखवणाऱ्या सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ही संख्या १.२३४५६५४३२ × १० चा दहावा घात अशी दिसते आणि शेवटचा १ गायब होतो. विभाज्यता तपासताना शेवटचा अंकच गेला तर सगळंच गेलं.

पायरी १ : नीट लिहा, नीट वाचा

आपल्या पद्धतीने स्वल्पविराम: १२,३४,५६,५४,३२१. बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. अब्ज सवयीचा नसेल तर बाराशे चौतीस कोटी म्हणा. इंग्रजी कागदावर हीच संख्या १२,३४५,६५४,३२१ अशी तीन-तीन अंकांनी तोडलेली दिसेल. दोन्ही मांडण्या वहीत लिहून ठेवा, कारण तीन-तीनची मांडणी पुढे फार कामाला येणार आहे.

आता एक इथलीच, रोजच्या व्यवहारातली गोष्ट. मराठीत छप्पन्न म्हणताना सहा आधी येतो, पन्नास नंतर. कन्नड आणि इंग्रजीत पन्नास आधी, सहा नंतर. तीन भाषांत आकडे ऐकणाऱ्या माणसाच्या हातून ५६ चे ६५ सहज होतात. अशी चूक पकडायची कशी?

बहुतेकांना नवाचा ताळा माहीत असतो: अंकांची बेरीज करायची. इथे १+२+३+४+५+६+५+४+३+२+१ = ३६. पण ५६ च्या जागी ६५ लिहिले तरी बेरीज ३६ च राहते. नवाचा ताळा अदलाबदल पकडत नाही. त्यासाठी अकराचा ताळा घ्या. एक सोडून एक अंक घेऊन दोन बेरजा करायच्या:

१+३+५+५+३+१ = १८
२+४+६+४+२ = १८

फरक शून्य. आता चुकीची लिहिलेली १२,३४,६५,५४,३२१ घ्या: १+३+६+५+३+१ = १९ आणि २+४+५+४+२ = १७. फरक २ आला, चूक उघडी पडली. शेजारचे दोन वेगवेगळे अंक जागा बदलतात तेव्हा हा फरक हमखास बदलतो. खाते क्रमांक उतरवून घेताना, बिलावरचे आकडे जुळवताना हा ताळा वापरून बघा. शाळेत तो फक्त 'अकराची कसोटी' म्हणून शिकवतात आणि परीक्षेनंतर सोडून देतात, याचं मला वाईट वाटतं.

पायरी २ : भागाकार न करता अवयव शोधा

शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ बाद.

अंकांची बेरीज ३६, म्हणून ३ ने आणि ९ ने भाग जातो. ९ ने भागून टाका: १३७१७३९३६९. याच्या अंकांची बेरीज ४९, आणि ४९ ला ३ ने भाग जात नाही. म्हणजे मूळ संख्येत ३ बरोबर दोनदा आहे, तिसऱ्यांदा नाही.

अकराचा फरक शून्य आला, म्हणून ११ ने भाग जातो.

आता तीन-तीनची मांडणी काढा: १२ | ३४५ | ६५४ | ३२१. उजवीकडून एक सोडून एक गट घ्या.

३२१ + ३४५ = ६६६
६५४ + १२ = ६६६

फरक शून्य. याचा अर्थ संख्येला १००१ ने भाग जातो. आणि १००१ = ७ × ११ × १३. एका वजाबाकीत तीन अवयव हाती आले.

हे असं का होतं ते समजून घ्या, नुसतं पाठ करू नका. १००० म्हणजे १००१ पेक्षा एकाने कमी. म्हणून १००१ ने भागताना १००० ची किंमत 'उणे एक' धरता येते. दहा लाख म्हणजे हजार गुणिले हजार, म्हणजे उणे एक गुणिले उणे एक, अधिक एक. अब्ज पुन्हा उणे एक. आपली संख्या १२ अब्ज + ३४५ दहा-लाख + ६५४ हजार + ३२१ अशी आहे, म्हणून १००१ च्या हिशेबात ती −१२ + ३४५ − ६५४ + ३२१ एवढी, म्हणजे शून्य.

सातची कसोटी म्हणून मुलांना काय काय चमत्कारिक नियम शिकवले जातात. मोठ्या संख्येला हा १००१ चा नियम सगळ्यांत बरा. ७, ११ आणि १३ तिन्ही एकदम तपासले जातात.

त्याच गटांची आता सरळ बेरीज करा: १२ + ३४५ + ६५४ + ३२१ = १३३२. ९९९ = २७ × ३७, आणि १००० हे ९९९ पेक्षा एकाने जास्त, म्हणून ३७ साठी गटांची नुसती बेरीज चालते. १३३२ = ३७ × ३६. भाग गेला.

आतापर्यंत हाती आलेले अवयव: ३ दोनदा, आणि ७, ११, १३, ३७ निदान एकेकदा. हे 'निदान' महत्त्वाचं आहे. कसोटी भाग जातो का एवढंच सांगते. किती वेळा जातो ते सांगत नाही.

पायरी ३ : ही वर्गसंख्या आहे का?

संख्या मोठी असली की हा प्रश्न लवकर विचारावा, कारण उत्तर 'हो' आलं तर काम एकदम निम्मं होतं. आधी गाळण्या लावा. वर्गसंख्येचा शेवटचा अंक २, ३, ७, ८ कधीच नसतो. अंकांची बेरीज करत एका अंकावर आलात तर तो १, ४, ७ किंवा ९ च असतो. विषम वर्गाचा दशकाचा अंक नेहमी सम असतो. विषम वर्गाला ८ ने भागलं की बाकी १ उरते. आपली संख्या: शेवटचा अंक १, बेरीज ३६ म्हणजे ९, दशकाचा अंक २, शेवटच्या ३२१ ला ८ ने भागून बाकी १. चारही गाळण्यांतून पार.

पण पार झाली म्हणजे वर्ग आहे असं नाही. ७२१ घेऊन बघा. तीही चारही गाळण्यांतून पार होते, आणि ती आहे ७ × १०३. गाळणी फक्त नापास करू शकते.

म्हणून वर्गमूळ काढायचं. भागाकारासारखी मांडणी असलेली रीत आता शाळेत घाईने उरकली जाते, पण तिचं मूळ आर्यभटाच्या इ.स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त आहे आणि या संख्येवर ती करून बघण्यासारखा आनंद नाही. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडा:

१ | २३ | ४५ | ६५ | ४३ | २१

सहा गट, म्हणून वर्गमूळ सहा अंकी. प्रत्येक टप्प्यावर आतापर्यंतच्या वर्गमुळाची दुप्पट करायची, तिच्यापुढे एक अंक लिहायचा, आणि त्याच अंकाने गुणून वजा करायचं.

पहिला १: वर्गमुळाचा पहिला अंक १, बाकी ०.
२३ खाली घ्या. १ ची दुप्पट २, पुढे १ लिहून २१. २३ − २१ = २.
४५ खाली, झाले २४५. ११ ची दुप्पट २२, पुढे १ म्हणजे २२१. बाकी २४.
६५ खाली, २४६५. भाजक २२२१. बाकी २४४.
४३ खाली, २४४४३. भाजक २२२२१. बाकी २२२२.
२१ खाली, २२२२२१. भाजक २२२२२१. बाकी शून्य.

वर्गमूळ १११११११ नव्हे, सहाच एक: १११११११ मध्ये सात असतात, इथे १११११ च्या पुढे एकच १ वाढला आहे, म्हणजे १११,१११. इतके एक ओळीने लिहिताना मोजून लिहा. शिकवणीत सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो.

आता उलट दिशेने जा. १११,१११ ला १११,१११ ने हाताने गुणा. खाली सहा ओळी येतील, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मधल्यात सहा, आणि मग परत उतरण. कुठेही हातचा नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडासारखी चढून उतरणारी ही संख्या म्हणजे त्या रकान्यांत किती एक आहेत याची नुसती मोजणी आहे. नऊ एकांपर्यंत हा डौल टिकतो. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात १० येतात, हातचा सुरू होतो आणि वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीतला ८ गेला आणि मध्ये दोन शून्यं आली.

पायरी ४ : पूर्ण अवयव पाडा

१११,१११ = १११ × १००१. आणि १११ = ३ × ३७. म्हणून १११,१११ = ३ × ७ × ११ × १३ × ३७. या पाचही मूळ संख्या आहेत (काही पुस्तकांत यांना अविभाज्य संख्या म्हणतात). वर्ग असल्याने प्रत्येक अवयव दोनदा:

१२३४५६५४३२१ = ३² × ७² × ११² × १३² × ३७²

ही ओळ वहीत चौकट करून ठेवा. यापुढचं सगळं हिच्यातूनच निघणार आहे.

सगळ्याच संख्या इतक्या सहज उलगडत नाहीत, हेही आत्ताच सांगितलेलं बरं. बेळगावच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड ५९०००१ घ्या. अंकांची बेरीज १५, म्हणून ३ ने भाग जातो आणि उरतात १९६६६७. त्यानंतर ७, ११, १३ काहीच लागत नाही. १७, १९, २३ करत एकेक मूळ संख्या घेऊन भागत राहावं लागतं, आणि थेट १९३ ला बाकी शून्य येते: १९६६६७ = १९३ × १०१९. क्रमाने मोजलं तर १९३ ही चव्वेचाळिसावी मूळ संख्या. कुठे थांबायचं याचा नियम मात्र सोपा आहे. उरलेल्या संख्येच्या वर्गमुळापर्यंत भागून पाहायचं, पुढे जायचं नाही. १०१९ चं वर्गमूळ ३२ च्या आत, म्हणून ३१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भाग गेला नाही की १०१९ मूळ ठरली. निपाणीकरांनी आपला ५९१२३७ घेऊन बघावा. उत्तर ३² × १७९ × ३६७ असं यायला हवं.

पायरी ५ : किती विभाजक, आणि त्यांची बेरीज किती

विभाजक मोजायला ते लिहून काढावे लागत नाहीत. कोणत्याही विभाजकात ३ एकही नसेल, एकदा असेल किंवा दोनदा असेल: तीन पर्याय. ७ चे तीन, ११ चे तीन, १३ चे तीन, ३७ चे तीन. ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३ विभाजक. ही संख्या विषम का? विभाजक जोडीने येतात, ३ ची जोडी कुणाशी, ७ ची कुणाशी. फक्त १११,१११ ची जोडी स्वतःशीच. म्हणून १२१ जोड्या आणि एक एकटा. वर्गसंख्येखेरीज कुणाच्याच विभाजकांची संख्या विषम नसते.

बेरजेची रीतही अशीच. प्रत्येक अवयवासाठी १ + तो + त्याचा वर्ग असा कंस करायचा आणि सगळे कंस गुणायचे.

३ साठी १+३+९ = १३
७ साठी १+७+४९ = ५७
११ साठी १+११+१२१ = १३३
१३ साठी १+१३+१६९ = १८३
३७ साठी १+३७+१३६९ = १४०७

इथे थोडं थांबा. पहिले चार कंस आधी गुणा: १३ × ५७ × १३३ × १८३ = १८०३५१९९. ही ३²×७²×११²×१३² या संख्येच्या, म्हणजे ३००३ च्या वर्गाच्या, सर्व विभाजकांची बेरीज झाली. ३००३ चा वर्ग ९०१८००९. आता स्वतः ती संख्या सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज करा: १८०३५१९९ − ९०१८००९ = ९०१७१९०. संख्येपेक्षा फक्त ८१९ ने कमी!

याचं अप्रूप का, ते सांगतो. स्वतःखेरीज विभाजकांची बेरीज स्वतःइतकीच येते अशा संख्यांना परिपूर्ण म्हणतात: ६ = १+२+३, २८ = १+२+४+७+१४. आजवर सापडलेल्या सगळ्या परिपूर्ण संख्या सम आहेत. विषम परिपूर्ण संख्या अजून कुणालाही मिळालेली नाही, आणि ती असूच शकत नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. नव्वद लाखांच्या घरातली विषम संख्या केवळ ८१९ ने चुकते, तेव्हा गणित करणाऱ्याचा श्वास क्षणभर अडकतो.

आता ३७ चा कंस गुणा: १८०३५१९९ × १४०७ = २५३७५५२४९९३. आपल्या संख्येची दुप्पट २४६९१३०८६४२. बेरीज दुपटीच्या पुढे गेली. स्वतःला वगळून विभाजकांची बेरीज १३०२९८७०६७२, म्हणजे संख्येपेक्षा ६८४२१६३५१ ने जास्त. अशा संख्यांना विपुल संख्या म्हणतात. सम संख्यांत त्या पावलोपावली भेटतात, १२ पासूनच. विषमांत मात्र पहिली भेटते थेट ९४५ ला. ३७ नसता तर आपली संख्या उणी पडली असती. तो आला आणि पारडं फिरलं.

पायरी ६ : काटकोन त्रिकोण

१११,१११ हा कर्ण धरून बाजू पूर्ण संख्येत येतील असे काटकोन त्रिकोण किती? पाच अवयवांना ४ ने भागून बाकी बघा. ३, ७, ११ ला बाकी ३. १३ आणि ३७ ला बाकी १. बाकी १ देणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, हे फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने सतराव्या शतकात सांगितलं. १३ = ९ + ४, ३७ = ३६ + १. त्रिकोण या दोघांमुळेच बनतात; ३ × ७ × ११ = २३१ हा नुसता गुणक म्हणून सोबत येतो.

१३ वरून ५, १२, १३. ३७ वरून १२, ३५, ३७. दोघांचा गुणाकार ४८१, आणि तो दोन प्रकारे दोन वर्गांची बेरीज होतो: २०² + ९² आणि १६² + १५². त्यातून आणखी दोन त्रिकूटं: ३१९, ३६०, ४८१ आणि ३१, ४८०, ४८१. सगळ्यांना योग्य पटीने मोठं केलं की १११,१११ कर्णाचे बरोबर चार त्रिकोण मिळतात:

७१६१ आणि ११०८८०
३६०३६ आणि १०५१०५
४२७३५ आणि १०२५६४
७३६८९ आणि ८३१६०

दुसरा बघा. ३६०३६ = ३६ × १००१, १०५१०५ = १०५ × १००१, आणि १११,१११ = १११ × १००१. १००१ काढून टाका, उरतात ३६, १०५, १११. १२९६ + ११०२५ = १२३२१, आणि तो १११ चा वर्ग. अकराव्या अंकापर्यंत जाणारी पडताळणी तोंडी झाली. मोठी संख्या हाताळताना समान अवयव आधी बाहेर काढायची सवय लावून घ्या, ती जन्मभर पुरते.

पायरी ७ : आणखी थोडं

ज्यांना १/७ = ०.१४२८५७१४२८५७… हे आवडतं त्यांच्यासाठी: ९९९९९९ = ९ × १११,१११. म्हणून छेदात ३, ७, ११, १३ किंवा ३७ असलेल्या अपूर्णांकाचे दशांश सहा घरांत पुन्हा पहिल्यावर येतात. ३ चं आवर्तन एका घराचं, ११ चं दोन, ३७ चं तीन, ७ आणि १३ चं सहा. सहा घरांत परतणाऱ्या मूळ संख्या या पाचच आहेत, सहावी नाही.

१ पासूनच्या पहिल्या १११,१११ विषम संख्यांची बेरीज आपली संख्या येते; ते वर्गाचंच दुसरं रूप. कापरेकरांनी ज्यांना 'हर्षद' म्हटलं, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाणारी, त्यात मात्र ही बसत नाही. बेरीज ३६ सम, संख्या विषम.

यानंतर

आता कॅल्क्युलेटर किंवा मोबाईल काढा आणि वहीतला प्रत्येक आकडा तपासा. मग एकच १ वाढवा: सात एकांचा वर्ग, १२३४५६७६५४३२१. दिसायला सख्खी बहीण. तीन-तीनचे गट पाडा: ३२१ + ५६७ + १ = ८८९, आणि ६५४ + २३४ = ८८८. फरक १ येतो, म्हणजे ७, ११, १३ तिन्ही बाद. अंकांची बेरीज ४९, म्हणून ३ ही बाद. सात एकांच्या संख्येला लहान मूळ संख्यांनी भागत जा आणि २३९ पर्यंत धीर सोडू नका. तिथे भागाकार ४६४९ येतो आणि बाकी शून्य. ४६४९ मूळ आहे का ते ६७ पर्यंत भागून ठरवा. मग विभाजक किती ते मोजा (नऊ यायला हवेत), आणि सात एकांच्या कर्णावर त्रिकोण किती बसतात ते शोधा. सुरुवातीला एवढं हाताशी असू द्या: ४६४९ = ६८² + ५².